अबोलीच्या डाव्या कानामागून

मित्रांनो, कानामागे बसून आवाज मोठा करून सांगणारे एक जुने मशीन आज तुमच्याशी बोलत आहे. लोक मला श्रवणयंत्र म्हणतात. घेवड्याच्या दाण्याएवढे माझे शरीर, त्याला एक बारीक पारदर्शक नळी आणि नळीच्या टोकाला कानात बसणारा मऊ साचा. माझा रंग उडाला आहे, कडेला एक चीर गेली आहे. शांतपणे बोलायचा मी प्रयत्न करीन. पण मला राग आलेला आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मी एका कारखान्यात जन्मले. तिथे माझ्यासारखी शेकडो मशीने रांगेने पडलेली होती. एका तपासणाऱ्या बाईने मला कानाशी धरून चुटकी वाजवली, मान हलवली आणि डबीत ठेवले. प्रवासात मी एकच विचार करत होते. मी एखाद्या आजोबांकडे जाईन, ते पेपर वाचत बसतील, आणि 'काय म्हणालीस?' असे आजीला दहादा विचारणे माझ्यामुळे थांबेल. कानाच्या मशीनचे काम एवढेच असते, अशी माझी समजूत होती.

बडोद्याच्या एका दवाखान्यात माझी डबी उघडली, तेव्हा समोर दीड वर्षाची मुलगी होती.

तिच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता आणि तो डोक्यामागे इलॅस्टिकने बांधलेला होता. जन्मतःच तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. हो, म्हाताऱ्या माणसांना होतात तेच. ती दोन महिन्यांची असताना ते काढावे लागले. तिच्या हृदयाजवळची एक नळी जन्मानंतर आपोआप मिटायला हवी होती, ती मिटली नाही, म्हणून तेही ऑपरेशन झाले. पुढे टाळेबंदी आली, दवाखाने बंद राहिले, आणि तिला ऐकू येत नाही हे फार उशिरा कळले. उजव्या कानात काहीच उरले नव्हते. डाव्यात थोडेसे होते. त्या थोड्याशासाठी मला बोलावले होते.

तिचे नाव अबोली.

नाव बाराव्या दिवशीच ठेवले होते, फुलाचे म्हणून. पुढे लोक म्हणू लागले, "नाव ठेवलंत तसंच झालं की हो." तिच्या आईसमोर, हसत हसत म्हणत. तिची आई यशश्री एकदाच म्हणाली, "फूल आहे ते. फुलाला कुणी दोष देतं का?" आणि तिने नाव बदलले नाही.

माझ्या आधीची गोष्ट मला त्या दवाखान्यातच कळली. कान तपासणाऱ्या बाई मला अबोलीच्या कानामागे बसवत होत्या. मी नुकतेच चालू झाले होते, त्यामुळे मी ऐकलेले हे पहिले बोलणे.

"दिवस गेलेले असताना ताप आला होता का?" बाईंनी विचारले.

"दुसरा महिना होता," यशश्री म्हणाली. "तीन दिवस कणकण होती, अंगावर बारीक लाल पुरळ. चौथ्या दिवशी सगळं गेलं. मी तर विसरूनही गेले होते."

"घरात आणखी कुणाला आलं होतं?"

यशश्रीने दाराकडे पाहिले. बाहेर बाकावर तिची पुतणी रसिका बसली होती. दहा वर्षांची, मांडीवर अबोलीची बाटली धरून. यशश्रीने आवाज खाली आणला. पण हळू बोललेले ऐकण्यासाठीच तर मला घडवले आहे.

"पुतणीला. माझ्या आधी दोन आठवडे."

"तिला शाळेत लस नाही मिळाली? आदल्या वर्षी मोहीम झाली होती ना, गोवर-रुबेलाची. पंधरा वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलांना दिली होती."

"मिळाली असती. तिच्या वडिलांनी 'नको' लिहून दिलं."

बाईंचे हात माझ्यावरच थांबले.

मित्रांनो, रुबेला हा गोवरासारखाच दिसणारा, पण त्याहून सौम्य आजार. गोवर मुलांचा जीवही घेऊ शकतो. रुबेला तुम्हांला झाला, तर थोडा ताप, थोडे पुरळ, कानामागे बारीक गाठी. तीन दिवसांत तुम्ही पुन्हा खेळायला लागाल. म्हणून लोकांना तो काहीच वाटत नाही. पण तुमच्या शेजारी एखादी काकू, मावशी किंवा शिक्षिका असेल, तिच्या पोटात बाळ नुकतेच वाढू लागलेले असेल, आणि तिला हा आजार पूर्वी झाला नसेल किंवा लस मिळाली नसेल, तर तो त्या बाळाचे डोळे, कान आणि हृदय गाठतो. यशश्रीच्या लहानपणी ही लस सरकारी यादीत नव्हती. म्हणून तिला ती मिळाली नव्हती. रसिकाला मिळू शकत होती. रसिकाच्या अंगात आजार शिरलाच नसता, तर तो दारासमोरच्या दारात गेला नसता.

दारासमोरचे दार म्हणजे खरेच तसे. बडोद्याच्या हरणी भागात एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट आहेत. एका फ्लॅटमध्ये यशश्री आणि तिचा नवरा आशय. आशय कोयलीच्या रिफायनरीत कामाला आहे. समोर त्याचा मोठा भाऊ इंद्रनील, त्याची बायको नीरा आणि मुलगी रसिका. वडील लवकर गेल्यावर इंद्रनीलने आशयला शिकवले, नोकरीला लावले. म्हणून आशय त्याच्यासमोर मान वर करून बोलत नसे.

इंद्रनील अडाणी नाही. तो इंजिनिअर आहे, भिंतीवर पदव्या टांगलेल्या आहेत. शाळेतून लसीचे संमतीपत्र आले, त्याच दिवशी त्याच्या मोबाइलवर कुठून तरी एक क्लिप आली होती. लसीने मुले आजारी पडतात, असे तीत कोणी अनोळखी माणूस ओरडून सांगत होता. इंद्रनीलने ती पाहिली, खरी मानली आणि कागदावर 'नको' लिहिले. शाळेतल्या बाईंनी त्याला दोनदा फोन केला. "ही सरकारी सुई गरिबांच्या मुलांसाठी असते, आमची मुलं सुदृढ आहेत," असे त्याने सांगितले. आणि तेवढ्यावर तो थांबला नाही. तीच क्लिप त्याने सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. साहेब शिकलेले आहेत म्हणून आणखी सात-आठ घरांनी 'नको' लिहिले.

हे सगळे मी पाच वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी ऐकले. स्वयंपाकघरात, गच्चीवर, बंद दारामागे. मुलीला काही समजत नाही असे समजून मोठी माणसे तिच्यासमोर खुशाल बोलतात. मी तिथेच असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आणि घरात एक गोष्ट ठरली होती. रसिकाला हे कधीच सांगायचे नाही.

रसिकाने मला जेवढे सांभाळले तेवढे कोणी सांभाळले नाही. सुरुवातीला अबोली मला उपटून फेकत असे. दीड वर्ष जिच्या जगात शांतता होती, तिला अचानक कुकर, हॉर्न, मिक्सर ऐकू आल्यावर ती दुसरे काय करणार? पहिल्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर पतंगवाल्यांच्या पिपूड्या, म्हणजे पिपाण्या, वाजत होत्या, "काप्यो छे!", कापला रे, अशी आरोळी सगळीकडून उठत होती. अबोली दचकली, रडली, आणि तिने मला मांज्याच्या गुंत्यात भिरकावून दिले. रसिकाने आपली फिरकी मैत्रिणीच्या हातात दिली आणि दोन तास गच्ची पिंजून काढली. मला शोधताना मांज्याने तिचे बोट कापले. तिने मला फ्रॉकला पुसले, कानामागे बसवले, आणि अबोलीचे दोन्ही हात आपल्या गालांवर ठेवून हळूच म्हणाली, "बघ, मी आहे."

अबोलीने हुंदका आवरला आणि ऐकले. त्या दिवसापासून तिने मला फेकले नाही.

माझा सेल बदलणे, साचा कोमट पाण्याने धुणे, झोपताना मला कोरड्या डबीत ठेवणे, हे सगळे रसिकाने अंगावर घेतले. रोज शाळेतून आली की दप्तर टाकून ती समोरच्या दारात हजर. ती अबोलीला शब्द शिकवायची. 'पाणी', 'पोळी', 'बस', 'चल ने'. बारीक, धारदार आवाज अबोलीच्या कानापर्यंत पोचवणे माझ्या ताकदीबाहेरचे होते. त्यामुळे 'ताई' म्हणायला गेली की तिच्या तोंडून 'आई' येई. यशश्रीही आई आणि रसिकाही आई. रसिका लाजून म्हणायची, "काकू, हिला सांग ना, मी ताई आहे." पण तिला ते आवडायचे, हे मला तिच्या आवाजावरून कळत असे.

तुम्हांला वाटेल, अबोली बिचारी. मुळीच नाही. ती खट्याळ आहे, चित्रे छान काढते, ओठांकडे पाहून अर्धे बोलणे ओळखते. तिच्यात काही उणे आहे म्हणून मी रागावलेले नाही. दोन ऑपरेशने, जाड भिंगे आणि माझ्यासारखे ओझे एका मुलीच्या वाट्याला आले, ते एका माणसाने एक क्लिप तपासून न पाहिल्यामुळे आले. याचा मला राग आहे.

आता या वर्षीचे सांगते. अबोली सहा वर्षांची आहे, रसिका चौदा वर्षांची.

फेब्रुवारीत आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका लहान मुलीला ताप आला, अंगावर पुरळ उठले. महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या शालिनीबेन येऊन तिच्या रक्ताचा नमुना घेऊन गेल्या. दोन दिवसांनी त्या परत आल्या, त्या लस न घेतलेल्या मुलांची यादी घेऊनच. त्यांना सोसायटीचा हॉल हवा होता. आणि सोसायटीचा सेक्रेटरी होता इंद्रनील.

दोन दारांच्या मधल्या जागेत त्यांचे बोलणे चालू होते. आम्ही आमच्या दारात होतो. यशश्री अबोलीच्या वेण्या घालत होती.

"साहेब, फक्त हॉल उघडून द्या. बुधवारी दोन तासांचं काम आहे," शालिनीबेन म्हणाल्या.

"अरे बेन, साधी ॲलर्जी आहे ती. इथे कॅम्प लागला की लोक म्हणतील, सोसायटीत रोग पसरलाय. नाव खराब होईल."

"ॲलर्जी नाही, साहेब. रिपोर्ट आलाय. रुबेला आहे." शालिनीबेननी यादी पुढे केली. "तुमच्या मुलीचंही नाव आहे यात. एकही डोस नाही."

इंद्रनील हसला. "तिला काय धाड भरलीय? लहानपणी एकदा असंच पुरळ आलं होतं, तीन दिवसांत ठणठणीत. काय बिघडलं?"

यशश्रीच्या हातातला कंगवा थांबला.

तिसऱ्या मजल्यावर कोमल नावाची बावीस वर्षांची मुलगी राहते. गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली. तिला दिवस गेल्याचे तिच्या सासूने आदल्या आठवड्यातच यशश्रीला सांगितले होते. दुसरा महिना. आणि आजारी मुलीची आई नोकरीला गेली की ती मुलगी कोमलकडेच असायची.

यशश्री उठली. अर्धी वेणी तशीच ठेवून तिने अबोलीचा हात धरला आणि ती इंद्रनीलसमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, काय बिघडलं ते ही उभी आहे."

"यशश्री, तू आत जा."

"सहा वर्षं आतच आहे मी. रसिकाचं पुरळ मला आलं आणि माझ्याकडून हिला. तुम्हांला माहीत आहे, डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलंय. तरी तुम्ही विचारता काय बिघडलं? वर कोमलला दुसरा महिना आहे. तिच्या बाळालाही मशीन लावायचंय का?"

कोणीतरी जिन्यात थांबल्याचा आवाज मला आला. रसिका होती. दुकानातून माझे सेल आणायला गेली होती. ते पाकीट तिच्या हातातून खाली पडले.

"म्हणजे माझ्यामुळे?" ती म्हणाली.

त्या जागेत आवाज घुमतो, म्हणून अबोलीला शब्द कळत नव्हते. पण ती सगळ्यांचे चेहरे पाहत होती. घाबरून तिने डोके आईच्या कमरेला घट्ट दाबले. मी दाबले गेले की मला शिट्टी येते. मला स्वतःहून तेवढेच बोलता येते. मित्रांनो, त्या दिवशी मी जिवाच्या आकांताने शिट्टी वाजवली.

यशश्रीने रसिकाला जवळ ओढले. "तुझ्यामुळे नाही. ऐक माझं. तू पहिली-दुसरीतली पोर होतीस. आजार कुणाला विचारून येत नाही. कागदावर सही तुझी नव्हती."

"मुलीसमोर हे काढायची काय गरज होती?" इंद्रनील ओरडला.

आशय आतून आला होता. आयुष्यभर खाली मान घालून बोलणारा तो माणूस सरळ भावाकडे पाहत म्हणाला, "दादा, हॉलची किल्ली दे."

इंद्रनील हलला नाही. मग नीरा, जिचा आवाज मी पाच वर्षांत फारसा ऐकलाच नव्हता, ती घरात गेली. खुंटीवरची किल्ली तिने आणली, शालिनीबेनच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "रसिकाच्या कागदावर मी सही करते. पेन आहे?"

त्यानंतरचे काही दिवस वाईट गेले. शालिनीबेन त्याच दुपारी कोमलला घेऊन हॉस्पिटलला गेल्या. गरोदर बाईला ही लस देत नाहीत. तिच्या अंगात आधीचे संरक्षण आहे की नाही, एवढेच रक्तावरून पाहता येते. रिपोर्ट येईपर्यंत कोमलची सासू जिन्यात बसून राही. रसिकाने समोरचे दार उघडलेच नाही. अबोली रोज शाळेच्या वेळेनंतर त्या दारावर थापा मारायची आणि कान लावून उभी राहायची. मीही तिच्याबरोबर ऐकत असे. आतून रडणे ऐकू येई; ते तिच्यापर्यंत पोचवावे की नाही, हे माझ्या हातात नसते. मी पोचवले.

बुधवारी हॉलमध्ये चौतीस मुले आली. रांगेत सर्वांत पुढे रसिका होती. डोळे सुजलेले. सुई टोचली तेव्हा तिने तोंड फिरवले नाही. परत जाताना ती अबोलीसमोर खाली बसली, माझी नळी वळली होती ती सरळ केली, आणि अबोलीच्या खांद्यावर डोके टेकून खूप वेळ बसून राहिली.

त्याच संध्याकाळी कोमलचा रिपोर्ट आला. तिच्या अंगात पूर्ण संरक्षण होते. शालिनीबेननी विचारले तेव्हा तिला आठवले. ती तेव्हा माहेरी, तरसाली भागात, आठवीत होती, शाळेत सगळ्यांना रांगेत उभे केले होते, नखावर शाईची खूण केली होती. "मी फार रडले होते, काकू," ती यशश्रीला म्हणाली. "पप्पा म्हणाले, दोन मिनिटं दुखेल, रड आणि घे." तिचे पप्पा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात कामगार होते.

तीच मोहीम. तेच वर्ष. तोच कागद दोन घरी गेला होता. एका बापाने सही केली म्हणून आठ वर्षांनी एक बाळ वाचले. दुसऱ्या बापाने 'नको' लिहिले. आता सांगा, मला राग येऊ नये?

इंद्रनील त्यानंतर एका रविवारी आमच्याकडे आला. उभाच राहिला. "मला खरंच माहीत नव्हतं गं," तो म्हणाला.

माहीत नव्हते? शाळेतल्या बाईंनी दोनदा फोन केला होता! डॉक्टर होते, वर्तमानपत्र होते, शेजारी दवाखाना होता. विचारले असते तर कोणीही सांगितले असते. मला तोंड असते तर मी हे त्याच्या कानात ओरडले असते.

यशश्री ओरडली नाही. तिने माफही केले नाही. तिने शालिनीबेनकडून आणलेला एक कागद त्याच्यासमोर धरला. "आजूबाजूच्या सोसायट्यांत अजून अकरा मुलं राहिली आहेत. त्यांचे आईबाप तयार होत नाहीत. तुम्ही जा. तेव्हा लोकांनी तुमचं ऐकलं होतं ना? आता पुन्हा ऐकवा. आणि ऐकवताना हिचं नाव घ्या. तुमची सहीही सांगा."

त्याने तो कागद घेतला. मग गेला. शालिनीबेनबरोबर दारोदार फिरला. अकरांपैकी नऊ मुलांना लस मिळाली. एका घरी त्याच्या तोंडावर दार आपटले. तो आवाज कसा वाटतो, ते त्याला कळले असेल. माझा राग मात्र तेवढ्याने गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. दोन मुले अजून राहिली आहेत.

मित्रांनो, देवीचा रोग तुमच्यापैकी कोणी पाहिला आहे का? नाही. तो असाच, घरोघर जाऊन, एकेका दंडाला टोचून संपवला. गोवर आणि रुबेलाही संपू शकतात. लस सापडलेली आहे, ती फुकट मिळते, ती घेऊन येणारी माणसे उन्हातान्हात जिने चढत आहेत. फक्त शंभरातल्या पाचांनी दार लावले, तरी आजाराला तेवढी फट पुरते. म्हणून आज घरी गेल्यावर आपले लसीचे कार्ड मागा. गोवर-रुबेलाचे दोन डोस त्यावर लिहिले आहेत का, ते स्वतः वाचा. नसतील तर आईबाबांना विचारा, का नाहीत? त्यांनी मोबाइल दाखवला, तर म्हणा, चला, डॉक्टरांना विचारू. त्यांना राग आला तरी विचारा.

माझे दिवस आता भरले आहेत. चीर वाढली आहे, आवाज मधूनच तुटतो. पुढच्या महिन्यात अबोलीला नवे मशीन मिळेल. ते माझ्याहून चांगले असेल. मी डबीत जाईन. माझ्या कामाचे सगळ्यांनी कौतुक केले. पाहुणे म्हणायचे, "किती छोटंसं, आणि केवढी सोय झाली पोरीची!" त्या कौतुकाचा मला कधीच आनंद झाला नाही. पाच वर्षे मी त्या लहानशा कानामागे इमानाने बसले. तिथे मी बसायलाच नको होते.